खानदेशातील एक जुने देणे

आजोबांनी केलेल्या कृत्याचा जाब नातवास का पुसावा, हा प्रश्न शहादे-तळोद्याकडे जमिनीची गोष्ट निघाली की हटकून पुढे येतो. ज्याने जमीन घेतली तो वारला, ज्याची गेली तोही वारला. आज जो ती कसतो आहे त्याने कोणास फसविलेले नाही, उलट विहीर खणून व बांध घालून त्याने तिचे मोल वाढविले आहे. मग भिल्लाच्या पोराने त्याच्याकडे डोळे वटारून का पाहावे? असे एक पक्ष विचारतो. दुसऱ्या पक्षाचे उत्तर थोडक्यात असते: घेणारा मेला असेल, पण पीक त्याच शेतात येते आणि त्याच घरात जाते. आम्ही हे दोन्ही पक्ष पुष्कळदा ऐकले आहेत, आणि ऐकताना आम्हांस असे वाटत आले आहे की, दोघेही ज्या इतिहासाची साक्ष काढतात तो इतिहास मात्र कोणी नीट उलगडून पाहत नाही. तो पाहिल्यास वादाचे रूप बरेच बदलते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभी एक खुलासा केला पाहिजे. जुना खानदेश जिल्हा १९०६ साली पूर्व व पश्चिम असा विभागला गेला; त्यांसच पुढे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. शहादे, तळोदे, नंदुरबार हे तालुके १९९८ च्या जुलैपर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. तेव्हा या लेखात खानदेश म्हणताना सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंतचा तो सगळा तापीकाठ आम्ही धरला आहे.

या मुलखात भिल्ल हा काही परका मनुष्य नव्हता. गावोगावी जागल्याचे काम त्याजकडे असे व त्याबद्दल त्यास गावाकडून हक्क मिळे; घाटांची रखवाली डोंगरी नाईकांकडे असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकर-शिंद्यांच्या धामधुमीत व त्याच सुमाराच्या भयंकर दुष्काळात ही घडी पार विस्कटली. हक्क बुडाले, गावे ओस पडली, आणि जागल्याच लुटारू झाला. त्याच्या लुटालुटीने कुणब्यांचे व वाण्यांचे अतोनात हाल झाले, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्यावर पेशवाईच्या अधिकाऱ्यांनी जो उपाय योजिला तो वाचताना आजही मान खाली जाते. खानदेश-बागलाणचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने कोपरगाव येथे भिल्लांना विश्वासाने बोलावून घेतले व जमलेल्यांना पकडून, त्यांतल्या बहुतेकांना विहिरींत लोटून मारिले. मेलेल्यांची गणना हजारांत होती. त्यांत दरोडेखोर किती होते व निव्वळ भिल्ल म्हणून जन्मलेले किती होते, याची चौकशी कोणी केली नाही. करण्याची गरज कोणास वाटली नाही. आमच्याकडील इतिहासकार पेशवाईच्या उत्तरकाळातील कारस्थानांवर पानेच्या पाने खर्चितात, परंतु या विहिरींपाशी आले की त्यांची लेखणी फार थांबत नाही, हेही येथे नमूद करणे भाग आहे. हे कृत्य इंग्रजांचे नव्हते. आपल्या राज्यात, आपल्या भाषेत निघालेल्या हुकुमाने ते घडले.

१८१८ साली मुलूख इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यास ठाणे केले, आणि पहिली काही वर्षे त्याच्याही फौजा डोंगरातून भिल्लांचा पाठलाग करीत हिंडल्या. नाईक पकडावे, फाशी द्यावे, आणि पुढल्या पावसाळ्यानंतर नवे नाईक उभे राहिलेले पाहावे, असा क्रम चालला. अखेर १८२५ साली धोरण पालटले. भिल्लांसाठी तीन एजन्सी स्थापिल्या गेल्या, गुन्ह्यांची माफी देण्यात आली, जमीन कसण्यास तगाई, बैल व बियाणे देण्यात आले. आणि जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावी ‘भिल्ल कोअर’ उभारण्यास आरंभ केला. त्याने भिल्लांबरोबर वाघांच्या शिकारी केल्या, त्यांच्यात वावरून त्यांचा विश्वास मिळविला, आणि कालपर्यंत ज्यांचा पाठलाग होई त्यांच्याच हाती बंदूक देऊन मुलखाची राखण सोपविली. १८३५ पर्यंत तो तेथे होता. दक्षिणेकडे कन्नडच्या एजन्सीत ओव्हान्स याने भिल्लांच्या वसाहती वसविल्या. या कार्यात साम्राज्याचा स्वार्थ होताच; शांतता झाल्यावाचून सारा वसूल होत नाही, हे कंपनी सरकारास पक्के ठाऊक होते. तथापि चोरीस कारण असते आणि कारण दूर केल्यास चोर शेतकरी होऊ शकतो, एवढी गोष्ट त्या दहा वर्षांत सिद्ध झाली, हे मान्य केले पाहिजे.

दुर्दैवाने ही समज टिकली नाही. इंग्रजी दप्तरांत भिल्ल हा हळूहळू एक ‘वंश’ बनला: स्वभावतः आळशी, स्वभावतः व्यसनी, स्वभावतः चोर. काही जातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा हे याच दृष्टीचे अपत्य होय. खाज्या नाईकाची कथा या दृष्टीने बोलकी आहे. सेंधव्याच्या घाटात आग्रा रस्त्याची रखवाली तो सरकारी पगारावर करी. एका संशयिताच्या मृत्यूबद्दल त्यास शिक्षा झाली व त्याची नोकरी गेली. १८५७ साली त्याने बंडाचे निशाण उभारिले व आग्रा रस्त्यावरून जाणारा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे मोठी लढाई झाली, आणि तीत हाती लागलेल्या अनेक भिल्लांना तेथल्या तेथे लष्करी चौकशी करून गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या पुढे १८६० साली दग्याने मारला गेला. त्याच्या हातून घडलेल्या कृत्याचा निवाडा एका माणसाचा निवाडा म्हणून झाला असता, तर त्यात गैर असे काही नव्हते. पण बाळाजी लक्ष्मणाच्या विहिरींपासून आंबापाणीपर्यंत एकच न्याय चालत आला: एकाने केले की जातीने भरावे.

हे ध्यानात ठेवून पुढची हकीकत वाचावी, कारण आता ती तलवारीकडून कागदाकडे वळते. १८६० नंतर चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या मार्गाने आगगाडी आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव आकाशाला भिडले. तापीकाठच्या काळ्या जमिनीस एकाएकी किंमत आली. नव्या मोजणीने प्रत्येक शेतास नंबर व धनी मिळाला, आणि धनी मिळाला म्हणजे ते गहाण टाकण्याची व विकण्याची सोयही झाली. पावसाळ्यात घरातले धान्य सरले की भिल्ल सावकाराकडून खावटी घेई. सुगीला ती सवाईने किंवा दिढीने फेडावयाची. एखादे वर्ष कोरडे गेले की बाकी वहीत चढे, बाकीवर व्याज चढे, आणि काही वर्षांनी दिवाणी न्यायालयातून हुकूमनामा येई. अंगठा कशावर उठविला हे अंगठा उठविणाऱ्यास वाचता येत नव्हते. जमीन गेली की तोच मनुष्य त्याच शेतावर सालदार म्हणून राही. वर्षाची मजुरी आगाऊ घेतलेली असे, आणि ती फिटण्याआधी पुढचे वर्ष उजाडे. घेणाऱ्यांत सावकार होते, कष्टाळू गुजर शेतकरी होते, इतरही होते. कोणी लबाडीने घेतली, कोणी रोख पैसे मोजून घेतली. सर्वांस एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु सर्वांच्या बाबतीत परिणाम एकच झाला.

हा प्रकार सरकारच्या नजरेस आला नाही असे नाही. १९०१ साली मुंबई सरकारने जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आणून, विकता अगर गहाण टाकता येणार नाही अशा शर्तीवर जमिनी देण्याची तरतूद केली. त्या बिलास विरोध कोणी केला? सर फिरोजशहा मेहता व नामदार गोखले यांनी. आणि तो इतका तीव्र की ते कायदे कौन्सिलातून उठून गेले. त्यांचे म्हणणे असे की, यामुळे रयतेची पत नाहीशी होईल व ती सरकारची केवळ कूळ बनेल. गोखल्यांविषयी आम्हांस नितांत आदर आहे, आणि परकीय सरकारच्या हेतूविषयी त्यांस वाटणारा संशय अगदीच निराधार होता असेही नाही. पण ज्याची ‘पत’ म्हणजे स्वतःची जमीन घालविण्याची मोकळीक एवढीच होती, त्या भिल्लाचा कैवार त्या दिवशी सभागृहात कोणी घेतला नाही असे म्हणावे लागते.

आता वादातील दुसरा मुद्दा. ‘जमीन सावकाराने घेतली नाही, ती दारूने घेतली,’ असे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ म्हणतात. यात सत्यांश आहे, आणि तो सांगण्याचा अधिकार ज्यांना होता त्यांनी तो सांगितलाही. तळोद्याकडे गुला महाराज नावाचा एक भिल्ल साधुपुरुष झाला. दारू सोडा, रोज स्नान करा, मांस वर्ज्य करा, एकमेकांस ‘आप’ म्हणून आदराने हाक मारा, एवढाच त्याचा उपदेश होता. त्याच्या आरतीस हजारोंनी लोक जमू लागले. १९३८ साली तो वारला. त्याचे कार्य त्याचा भाऊ रामदास याने पुढे चालविले, आणि त्यास सरकारने हद्दपार केले. ज्यांचे व्यसन सुटावे म्हणून इतरेजन व्याख्याने देत होते, ते स्वतःहून व्यसन सोडू लागताच अधिकारी का बिथरले? १८७८ च्या अबकारी कायद्याने घरी मोहाची दारू गाळणे गुन्हा ठरले होते व ठेकेदाराच्या दुकानात ती विकत घेणे कायदेशीर झाले होते, ही गोष्ट या संदर्भात विसरू नये. पिणारा पितो तो स्वतःच्या हाताने, हे खरे; पण त्या प्याल्यावर कर घेणाऱ्याने त्यास वैयक्तिक जबाबदारीचे धडे द्यावेत, हे काही शोभत नाही.

ही जबाबदारी भिल्लांनी टाळली नाही, याचा पुरावा १९७० नंतरच्या चळवळीत पुन्हा मिळतो. १९७१ च्या मे महिन्यात शहादे तालुक्यातील पाटीलवाडी येथे धान्यावरून उसळलेल्या तंट्यात जमीनदारांच्या बाजूने गोळीबार झाला व एक आदिवासी ठार झाला. त्यापूर्वीच शेतांतून गवतपाला नेणाऱ्या भिल्ल स्त्रियांस पीकसंरक्षणाच्या नावाखाली पहारेकरी पकडीत, मारीत, अपमान करीत. या संतापास वळण देण्याचे काम अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाने केले. गुला महाराजांच्या पंथातील भजनाचा संस्कार आणि सर्वोदयाची शिकवण, दोन्ही त्याच्या ठायी होती. १९७२ च्या जानेवारीत शहाद्यास भूमुक्तीचा मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. आणि याच चळवळीतल्या स्त्रियांनी गावोगावी जाऊन दारूची मडकी फोडली. एका हाताने सातबाराचा उतारा मागावयाचा व दुसऱ्या हाताने नवऱ्याची हातभट्टी मोडावयाची, असा तो प्रकार होता. जुना अन्याय आणि स्वतःची जबाबदारी ही परस्परविरोधी आहेत असे व्यासपीठावरचे वक्ते मानीत असतील. त्या स्त्रियांना तसे वाटलेले दिसत नाही.

राग हा अविचारी असतो, असे सभ्य समाजात मानण्याची रीत आहे. आम्हांस या ठिकाणी १८५२ सालची आठवण होते. सरकारी मोजणीने आपला सारा वाढेल या भीतीने सावदे, फैजपूर, रावेर, एरंडोल या भागांत हजारो शेतकरी जमा झाले आणि त्यांना पांगविण्यास फौज आणावी लागली. त्यास आज कोणी ‘कुणब्यांचा जातीय राग’ म्हणत नाही. शेतकऱ्यांचा लढा म्हणतात, आणि तेच योग्य आहे. मग भिल्ल रागावला की त्याच्या रागास जात चिकटते, हे कसे? ज्याच्या घरी वही नाही, खत नाही, दप्तर नाही, त्याने गेलेल्या वस्तूची आठवण ठेवावी तरी कशात? वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ या काव्यसंग्रहात हा राग प्रथमच छापील मराठीत, भिल्लाच्याच मुखाने, आमच्या वर्गापुढे आला. तोपर्यंत तो आम्ही पोलिसांच्या फिर्यादीतच वाचीत आलो होतो. अर्थात राग माणसावर जाऊन कोसळला म्हणजे तोही ‘एकाने केले, जातीने भरावे’ याच वाटेने जातो, आणि गावातल्या प्रत्येक गुजराच्या तोंडावर त्याच्या आजोबाचे पाप मारणे हे आम्हांस मुळीच मान्य नाही.

तर मग नातवाकडे काय मागता येते? येथे आमच्याच जुन्या व्यवहारातील एक गोष्ट उपयोगी पडेल. बापाचे ऋण मुलाने, आजाचे नातवाने फेडावे, असा हिंदू धर्मशास्त्राचा दंडक होता. फेडले नाही तर पूर्वजास सद्गती नाही, अशी समजूत होती. मुंबई इलाख्यात वारसास इस्टेट न मिळताही हे ऋण फेडावे लागे. त्यात फार जुलूम होतो असे पाहून १८६६ साली कायदा झाला की, वारसाने पूर्वजाचे देणे फेडावे ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. त्यापलीकडे त्याच्या स्वतःच्या कमाईस धक्का लागू नये. मुलगा-नातू यांच्यावरील त्या धर्मऋणाचा शेवट तर २००५ च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीने झाला. पण त्याच्या आधी शंभर वर्षे खानदेशातल्या सावकाराने आपली वही उघडून भिल्लाच्या मुलाकडून बापाची खावटी आणि नातवाकडून आजाचे व्याज वसूल केलेच होते. ‘आजाच्या कृत्याशी माझा संबंध काय?’ हा प्रश्न त्या भिल्लाच्या नातवाने विचारला असता, तर त्यास कोणते उत्तर मिळाले असते हे सांगण्याची गरज नाही.

दोष आणि देणे या दोन वस्तू वेगळ्या ठेवल्या की पुष्कळ घोटाळा नाहीसा होतो. दोष करणाऱ्याबरोबर चितेवर जातो. देणे मात्र मिळकतीबरोबर चालते, आणि मिळकतीपुरतेच चालते. १८६६ च्या कायद्यातले हे तत्त्व सावकाराच्या सोयीसाठी लागू होते. ते त्याच्या गैरसोयीसाठीही लागू पडले पाहिजे. युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर हाच गुंता उभा राहिला, तेव्हा कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने १९४६ साली गुन्हेगाराचा दोष व राष्ट्राची जबाबदारी यांत असाच भेद केला: साऱ्या जर्मनांना गुन्हेगार म्हणता येणार नाही, पण राज्याने केलेल्या कृत्याची भरपाई प्रत्येक नागरिकाच्या माथी येते. जोतीराव फुल्यांनी तर १८७३ सालीच ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला होता. मात्र त्या मुक्त झालेल्या गुलामांस १८६५ साली देऊ केलेली जमीन त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी मूळ मालकांस परत देवविली, आणि तेथील वाद अद्यापि मिटलेला नाही.

महाराष्ट्रात वर्तक समितीच्या अहवालानंतर १९७४ व १९७५ साली जे दोन कायदे झाले त्यांचा पाया, आमच्या मते, हाच आहे. त्यांतल्या दुसऱ्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या शेतजमिनी मूळ मालकास परत देण्याची आज्ञा केली. घेणाऱ्यास शिक्षा नाही, दंड नाही, त्याने फसविले की नाही याची चौकशीही नाही. फक्त जमीन परत, आणि त्याबद्दल त्यास आकाराच्या अठ्ठेचाळीस पट रक्कम व त्याने केलेल्या सुधारणांचे मोल. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला.

कायदा योग्य होता म्हणून तो सर्वांशी न्यायाचा होता असे आम्ही म्हणत नाही. ज्या शेताचा आकार तीन रुपये, त्याचे अठ्ठेचाळीस पटीने एकशे चव्वेचाळीस रुपये होतात. ज्या लहान शेतकऱ्याने बायकोचे डाग मोडून ते शेत विकत घेतले असेल त्याच्या हाती एवढे ठेवणे कठोर आहे. त्याहून चमत्कारिक गोष्ट ही की, ही रक्कमही भरावयाची ती जमीन परत मिळणाऱ्या आदिवासीनेच. म्हणजे ज्याचे गेले त्याने पुन्हा पैसे मोजावयाचे, शेवटी विकत घेणाऱ्याने तोटा सोसावयाचा, आणि मधल्या मध्ये ज्यांचा नफा झाला ते सावकार, दारूचे ठेकेदार व साऱ्यावर आणि अबकारीवर जगलेले सरकार या सर्वांनी नामानिराळे राहावयाचे. हे देणे सार्वजनिक होते; त्याचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून जावयास हवा होता. तसे झाले असते तर गावातला कडवटपणा निम्म्याने कमी झाला असता, अशी आमची समजूत आहे.

याच खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात, विनोबांनी १९३२ साली गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढे १९५१ पासून विनोबा भूदान मागत देशभर हिंडले. त्यांच्या पदयात्रेचे मोल कोणी कमी लेखू नये. अंबरसिंगांसारखा कार्यकर्ताही त्याच वातावरणातून आला. तथापि दान देणाऱ्यास पुण्य लागते आणि घेणाऱ्याची मान वाकते. शहाद्याच्या भिल्लांना ते नको होते. आपण मागतो ते आपले येणे आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि म्हणून ते दात्याच्या दारी न जाता तहसील कचेरीत जाऊन जुने फेरफार उघडा म्हणत राहिले. अंबरसिंग १९७४ साली वारले. जमिनी परत देण्याचा कायदा पुस्तकात आला तो पुढल्या वर्षी.

त्या कायद्यातील १ एप्रिल १९५७ ही तारीख कूळकायद्यातून आलेली आहे. त्याच दिवशी कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानण्यात आले. कोठेतरी रेघ ओढावी लागतेच, नाहीतर बाळाजी लक्ष्मणाच्या काळापर्यंत मागे जावे लागेल आणि एकही शेत वादावाचून उरणार नाही, हे आम्ही जाणतो. पण तापीकाठची उत्तम काळी जमीन भिल्लांच्या हातून गेली ती बहुतेक त्या रेघेच्या अलीकडे नव्हे, पलीकडे. कापसाचा भाव चढला तेव्हा, आगगाडी आली तेव्हा, मेहता आणि गोखले सभागृहातून उठून गेले तेव्हा. त्या फेरफारांच्या नोंदी जुन्या मोडी दप्तरात आहेत, आणि त्या जमिनींविषयी १९७५ चा कायदा काहीच बोलत नाही.